येतील तेव्हा देणे

शनिवारी सकाळी साडेदहाला ताईने दुकानाचं दार उघडलं, तर बाहेर दोनशे माणसं एकमेकांचे हात धरून उभी! कुणालाही वाटेल, काय हे भाग्य. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ताईला दुपारी एकच्या आत दोन गल्ल्या पलीकडे वकिलाकडे पोचायचं होतं, दुकान विकल्याच्या कागदावर सही करायला. आणि ही दोनशे माणसं जमली होती ती दुकान विकलं जाऊ नये म्हणून.

घेणारा होता शेजारचा चष्मेवाला. त्याला आपली जागा वाढवायची होती. माणूस सरळ, पण घड्याळाचा पक्का. "ताई, समोरच्या रांगेतलाही एक गाळा मला मिळतोय," त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. "त्याचा मालकही शनिवारीच येणार आहे वकिलाकडे. एकपर्यंत मी तुमची वाट बघेन. नंतर त्याच्याशी व्यवहार करून मोकळा होईन. मग माझ्यावर रागावू नका." चार वर्षांत जागा मागायला आलेला हा पहिला माणूस. आणखी चार वर्षं वाट बघण्याची ताईची तयारी नव्हती. तिचं वय बावन्न, आणि तिची पिशवी गुरुवारपासून भरून तयार होती.

दुकान चौऱ्याण्णव वर्षांचं. आजोबांनी काढलं, बाबांनी चालवलं, आणि ताईच्या गळ्यात पडलं. दर्शनी भाग अरुंद, आत मात्र लांबच लांब. छतापर्यंत कपाटं, त्यांच्यापुढून सरकणारी चाकांची शिडी, दाराला पितळी घंटी. लोक दारात उभं राहून डोळे मिटायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अहाहा, काय हा वास!" वास फुकट असतो, त्यामुळे तो भरपूर खपायचा. नवीन लग्न झालेली जोडपी शिडीवर चढून फोटो काढायची. परगावचे पाहुणे आले की गावातली माणसं त्यांना दुकान दाखवायला आणायची, आपल्या आजोबांनीच बांधल्यासारखी. आणि निघताना प्रत्येकजण ताईचा हात हातात घेऊन म्हणायचा, "ताई, हे दुकान कधी बंद करू नका हं!" म्हणायचा आणि रिकाम्या हाताने निघून जायचा.

खोटं कशाला बोला, ताईचाही त्या दुकानावर जीव होता. कुठलं पुस्तक कुठल्या कप्प्यात, कुठल्याच्या मागे लपलंय, हे तिला डोळे बांधले तरी सांगता आलं असतं. पण तुरुंगाच्या भिंतीही माणसाला पाठ होतातच की.

ती दुकानात आली ती दोन आठवड्यांसाठी. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. नकाशे तयार करणाऱ्या खात्यात तिची निवड झाली होती. मोजणीच्या तुकडीबरोबर डोंगरोडोंगरी हिंडायचं काम. तिच्या पायाला भिंगरी म्हणून बाबा तिला लहानपणापासून भिंगरीच म्हणायचे. तेवढ्यात बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. त्या सकाळी भिंगरी दुकानातल्या पायरीवर बसून एक कादंबरी वाचत होती. गोष्टीतली बाई एका पुलापाशी येऊन थांबली होती, पलीकडे जावं की मागे फिरावं ते तिला ठरवता येत नव्हतं. तोच बाबांनी हाक मारली. "भिंगरे, दोन आठवडे सांभाळ गं तेवढं." तिने पानाचा कोपरा दुमडला, पुस्तक बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे माझ्यासाठी ठेवा हं बाबा. जाताना गाडीत वाचेन."

दोन आठवड्यांची एकतीस वर्षं कशी झाली, विचारू नका. बाबांची नजर पुरती परत आलीच नाही. पुढे ते नऊ वर्षं जगले, गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, "हिच्याशिवाय इथलं पान हलत नाही!" शिव्या देणाऱ्याला सोडून जाता येतं हो, पण असं कौतुक करणाऱ्याला सोडून कसं जायचं? लग्नाचं काय, असं कुणी विचारलं की ताई म्हणायची, "जमलं असतं, पण जमवायला दुकानाबाहेर पडावं लागतं." आणि सगळ्यात मोठी चेष्टा म्हणजे, पुस्तकांच्या त्या ढिगाऱ्यात बसून तिने एकतीस वर्षांत एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. तिसऱ्या पानावर घंटी वाजायचीच. कुणीतरी वास घ्यायला आलेलं असायचं.

दूर समुद्राकाठी तिची थोरली बहीण राहायची. तिच्या घरात एक खोली रिकामी होती. "ये गं," थोरली दर रविवारी फोनवर म्हणायची. "काही करू नकोस. नुसती बसून राहा माझ्याजवळ." या वेळी ताईने हो म्हटलं. दुकानातली पुस्तकं सोमवारी नगर वाचनालय नेणार होतं. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट पिशवीत होतं. राहिली होती एक सही.

आणि आता दारात हे.

जमावाच्या डोक्यावर कापडी फलक होता. त्यावर लाल अक्षरांत 'दुकान वाचवा', आणि खाली 'हा आपला ठेवा आहे.' फलकाखाली कर्णा गळ्यात अडकवून निवृत्त प्राध्यापक उभे होते. सगळा घाट त्यांचाच. त्यांच्या एका बाजूला दातांचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला गाण्याच्या बाई, आणि पुढे नुसती डोकीच डोकी. चष्मेवाल्याच्या दारापासून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत साखळी गेली होती, तीही दुहेरी.

"वाचवा कसलं?" ताई पुटपुटली. "मधला 'व' तेवढा काढून टाका. दुकान आपोआप वाचेल."

प्राध्यापकांना ते ऐकू गेलं नाही. ते कर्ण्यात ओरडत होते, "जोपर्यंत ही साखळी आहे तोपर्यंत दुकानाच्या केसालाही धक्का लागणार नाही!"

सव्वाअकरापर्यंत ताईने वाट पाहिली. उन्हाने कंटाळतील, जातील. कसले जातायत! उलट कुणीतरी पाण्याच्या बाटल्या आणल्या. मग तिने पिशवी खांद्याला लावली आणि दाराबाहेर पाऊल टाकलं.

"मला जायचंय," ती म्हणाली. "वाट द्या जरा."

"आम्ही तुम्हाला कुठेही जाऊ देणार नाही!" प्राध्यापकांनी कर्ण्यातून जाहीर केलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवायला हात सुटले, तेवढ्यात ताईने फटीत खांदा घातला. पण टाळ्या थांबल्या आणि हात पुन्हा गुंफले गेले. बरं, ते ओढत नव्हते, ढकलत नव्हते. सगळे हसत होते. एका बाईंनी तर तिच्या गालावरून हात फिरवला. रागवायचं तरी कुणावर?

तिने प्राध्यापकांच्या कानाशी तोंड नेलं. "अहो, मीच विकतेय दुकान. माझ्या मर्जीने. एक वाजता सही आहे."

प्राध्यापकांनी कर्णा खाली केला. डोळे भरून आले त्यांचे. "कळतं हो आम्हाला, ताई. केवढा दबाव असेल तुमच्यावर! पण घाबरू नका. तुम्ही आत जाऊन शांत बसा. तुम्ही आत आहात म्हणून तर हे दुकान आहे."

आता या माणसाशी काय बोलणार? पालथ्या घड्यावर पाणी. ताई आत आली. काचेपलीकडे दोनशे पाठी दिसत होत्या, आणि त्या दोनशे पाठींचं तिच्यावर प्रेम होतं. तिला रडू यायला लागलं. तिने थोरलीला फोन लावला.

"अगं, मग मागच्या दाराने निघ की!" थोरली म्हणाली.

"मागचं दार कुठाय? त्याच्यापुढे ठेवा आहे."

"अजून आहे ते? मग हलव."

"एकटीने हलतंय का? भरलेलं आहे."

"मग रिकामं कर! का तिथेच म्हातारी होणार आहेस?"

ठेवा म्हणजे काय ते सांगायला हवं. मागच्या भिंतीतलं गल्लीचं दार आजोबांनीच बंद करून त्यापुढे एक कपाट लावलं होतं. गिऱ्हाईक पुस्तक चाळायचं, आवडायचं, आणि म्हणायचं, "एवढं माझ्यासाठी ठेवा, दोन दिवसांत येतो." मग ते पुस्तक त्या कपाटात जायचं. कपाटाचंच नाव पडलं ठेवा. आजोबांचा दंडक असा, की ठेव्यातलं पुस्तक दुसऱ्याला विकायचं नाही आणि माणूस येईपर्यंत जागेवरून हलवायचं नाही. शब्द म्हणजे शब्द. प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी असायची, कुणाचं, कुठल्या तारखेचं, आणि खाली ठरलेली ओळ, 'येतील तेव्हा देणे.' घरच्यासारखं कुणी असलं तर 'येईल तेव्हा देणे.' त्यातले निम्मे कधी आलेच नाहीत. पुस्तकं दोन रांगांत होती. पुढची रांग ताईच्या काळातली. मागची बाबांच्या हातची, खाकी कागदात गुंडाळून सुतळीने बांधलेली. एकतीस वर्षं ताईने फक्त पुढच्या रांगेवरची धूळ झटकली होती.

पावणेबारा झाले होते. ताईने पदर खोचला आणि आजोबांचा दंडक मोडला.

पहिलंच पुस्तक हातात आलं, जाडजूड, झाडांवरचं. चिठ्ठी तिच्याच अक्षरातली. 'प्राध्यापक. दोन दिवसांत येतो म्हणाले. येतील तेव्हा देणे.' तारीख चौदा वर्षांपूर्वीची.

ताई त्या चिठ्ठीकडे बघत राहिली. मग तिने काचेतून प्राध्यापकांच्या पाठीकडे बघितलं. "आलेत की!" ती स्वतःशीच म्हणाली. "आज तर दारातच उभे आहेत."

तिने दार उघडलं. "प्राध्यापक, तुमचं पुस्तक."

"आँ?"

"चौदा वर्षांपूर्वी ठेवायला सांगितलं होतंत. दोन दिवसांत येतो म्हणाला होतात. ठेवलंय. घ्या."

प्राध्यापकांचा चेहरा फोटो काढून ठेवावा असा झाला. त्यांचा डावा हात डॉक्टरांच्या हातात, उजवा गाण्याच्या बाईंच्या. आणि पुस्तक एवढं जड, की एका हाताने पेलणारं नाही. ते इकडे बघतात, तिकडे बघतात. शेवटी त्यांनी दोन्ही हात सोडवून घेतले. "अरेच्चा," ते म्हणाले, "हे मी किती शोधलं होतं!" आणि तिथल्या तिथे पान उलटलं.

ताई आत पळाली. आता तिला वाट सापडली होती, आणि ती मागच्या दाराने जात नव्हती. हात भरभरून पुस्तकं काढायची, चिठ्ठ्या वाचायची, दारात येऊन हाक मारायची. "दातांचे डॉक्टर! नऊ वर्षं झाली. बुद्धिबळाचं." "पोस्टमनकाका! मुलीसाठी ठेवा म्हणाला होतात. मुलगी केवढी झाली?" "तिला मुलगी झाली, ताई," पोस्टमनकाका म्हणाले आणि लाजून पुढे आले. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं, आणि एकेकजण साखळीतून सुटत होता. दोन हातांत एक तर माणसाचा हात मावतो नाहीतर पुस्तक. ज्यांचं नाव निघालं नव्हतं, ते शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावायला लागले. कोपऱ्यावरून कुणी विचारलं, "ताई, माझंही असेल बघा, हिरवं होतं!" होतं. हिरवंच होतं.

मग एक पातळसं पुस्तक आलं. चिठ्ठी वाचून ताई जरा थांबली. दारात येऊन तिने हाक मारली नाही, ती गाण्याच्या बाईंजवळ गेली. "हे तुमच्या यजमानांनी ठेवायला सांगितलं होतं," ती हळू म्हणाली. "तुमच्या वाढदिवसाला द्यायचं म्हणून. सात वर्षं झाली."

बाईंचे यजमान सहा वर्षं अकरा महिन्यांपूर्वी गेले होते. बाईंनी पुस्तक घेतलं आणि दुकानाच्या पायरीवर बसल्या. बराच वेळ त्यांनी ते उघडलं नाही, नुसतं मांडीवर ठेवून त्यावर हात फिरवत राहिल्या. "म्हणजे विसरले नव्हते तर," त्या म्हणाल्या. ताईला वाटलं, एवढ्यासाठी चौऱ्याण्णव वर्षं दुकान चाललं असेल तर चाललं बापडं.

साडेबारा वाजले. ताईने डोकं वर करून पाहिलं. साखळी कुठे होती? रस्त्याच्या कडेला, पायऱ्यांवर, चष्मेवाल्याच्या ओट्यावर, जिथे टेकता येईल तिथे माणसं बसली होती, मान खाली घालून. कर्णा फुटपाथवर पडला होता. फलकाची एक दोरी सुटली होती. आणि शांतता अशी, की पानं उलटल्याचा आवाज यावा.

ती पिशवी घ्यायला आत आली. ठेव्याची पुढची रांग संपली होती, मागच्या रांगेतली पुडकीही गेली होती. गोंधळात तिने तीही वाटली होती. तळाच्या कप्प्यात कोपऱ्याला एकच पुडकं उरलं होतं. पुडकं आहे तर चिठ्ठी आहे, चिठ्ठी आहे तर माणूस असेल बाहेर. तिने ते ओढून काढलं.

सुतळीखाली चिठ्ठी खोचलेली होती. अक्षर बाबांचं, पण वाकडंतिकडं, एकावर एक चढलेलं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतरचं. 'भिंगरी.' तारीख एकतीस वर्षांपूर्वीची, दोन आठवडे संपल्याच्या दिवसाची. आणि खाली, नेहमीच्या ओळीच्या जागी, 'जाईल तेव्हा देणे.'

तिने पुन्हा वाचलं. येईल नाही. जाईल.

म्हणजे बाबांना ठाऊक होतं. ती जाणार, तिने जायचंय, हे त्या माणसाने चाचपडत का होईना, स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. पुढे नऊ वर्षं स्टुलावर बसून ते 'हिच्याशिवाय पान हलत नाही' म्हणत राहिले, आणि हे पुडकं त्यांच्यामागे दहा पावलांवर होतं. तिला आधी हुंदका आला, आणि त्याच्यामागोमाग संताप.

"तोंड होतं ना बाबा तुम्हाला?" ती रिकाम्या कपाटाला म्हणाली. "एकदा बोलला असतात! जा म्हणाला असतात! दिलं नाहीत, ठेवलंत. सगळ्या गावासारखं तुम्हीही नुसतं ठेवलंत!"

कपाट काय बोलणार? पण ओरडल्यावर तिला जरा बरं वाटलं. खरं सांगायचं तर तिनेही कधी मागितलं नव्हतं. ठेवणारा द्यायचा थांबला होता आणि जाणारी मागायची थांबली होती, आणि मध्ये एकतीस वर्षं निघून गेली होती. तिने डोळे पुसले, पुडकं पिशवीत घातलं आणि बाहेर पडली. दाराची घंटी वाजली. कुणी वर बघितलं नाही.

ती प्राध्यापकांजवळून जाताना ते मात्र पुस्तकातून मान न काढताच म्हणाले, "ताई, याचा दुसरा भाग आहे का हो?"

ताईचा पाय थबकला. एकतीस वर्षांची सवय, अशी कशी जाईल? पाऊल मागे वळलंसुद्धा.

"आहे," ती म्हणाली. "डावीकडे, चौथा कप्पा, नकाशांच्या मागे. तुम्हीच घ्या." आणि चालायला लागली. चालता चालता पळायलाच लागली. बावन्नाव्या वर्षी, खांद्याला पिशवी लावून, भर रस्त्यात.

वकिलाकडे पोचली तेव्हा एकला दहा कमी होते. चष्मेवाला टेबलाशी बसला होता. समोरच्या गाळ्याचा मालकही आलेला, घड्याळाकडे बघत गुडघा हलवत होता. वकील म्हणाले, "बसा ताई, कागद छापून येतोय." ती बाकावर टेकली, धाप लागलेली. पिशवीतून पुडकं काढलं, सुतळी सोडली. खाकी कागद जुना झालेला, हात लावताच फाटला. पानाचा कोपरा अजून दुमडलेला होता.

गोष्टीतली बाई पुलावरच उभी होती. एकतीस वर्षं बिचारी तिथेच.

"या ताई, सही," वकिलांनी हाक मारली.

ताईने बोट वर केलं, मान वर न करता.

"ताई, एकला पाच कमी आहेत," चष्मेवाला म्हणाला. "ते निघाले तर मला त्यांच्याशी..."

"पाच मिनिटं आहेत ना?" ताई म्हणाली. "मग एवढं पान होऊ दे. हिला पलीकडे जाऊ दे आधी."